बैलबाजारवाल्यांनी घेतलेला कॉम्प्युटर

त्या दिवशी धुई अशी पडली होती की समोरच्या गयाबाईच्या पिठाच्या गिरणीचे पत्रेसुद्धा दिसत नव्हते. पौषातली थंडी. जाफराबादच्या स्टँडवर जालन्याची जीप उभी होती, ड्रायव्हर काच पुसून पुसून दमला होता, आणि आम्ही तीन म्हातारे अन् एक नात असे कॉम्प्युटर घ्यायला निघालो होतो.

लोक मला म्हणतात, "आबा, तुमच्याकडं एवढे किस्से येतेत कुठून?" आता काय सांगावं! मी काही जमवत बसत नाही. उभी हयात बैलबाजारात गेली. तिथं माणूस एक जनावर घेऊन जातो आणि दोन गोष्टी मागं टाकून जातो. त्या साचतात, गोठ्याच्या कोपऱ्यात शेण साचतं तशा. मधून मधून काढून टाकाव्या लागतात, नाहीतर पाय ठेवायला जागा उरत नाही.

आमचं टोळकं आधी सांगतो. मी बाजारात मध्यस्थ. घेणारा आणि विकणारा यांच्या मधे उभं राहायचं आणि दोघांनाही आपलं वाटायचं, हा माझा धंदा. बाबूभाई बैलांचा व्यापारी, तोंडानं फटाकडा, मनानं लोणी. तिसरा सखाराम, माझा शेजारी, भिंतीला भिंत. बाजारात जनावरं बांधायची जागा तो सांभाळायचा. दिवसभरात चार वाक्यं बोलला तर त्या दिवशी त्याला ताप असायचा! शाळेचं तोंड तिघांपैकी कुणी पाहिलं नाही.

आणि आम्ही निघालो होतो प्रोग्रामिंगसाठी मशीन पसंत करायला!

०

झालं असं की माझी नात मनू जालन्याला कॉम्प्युटरचं शिकत होती. कॉलेजात मशीनं थोडी, पोरं जास्त. घरी एक पाहिजेच होतं. ती म्हणायची लॅपटॉप. माझा लेक सोपान, म्हणजे तिचा बाप, म्हणायचा डेस्कटॉप. घरात दुसरा विषय नाही. जेवताना तेच, चहाला तेच.

मला वाटलं, मशीनवरून भांडण आहे. शेवटी सुनेनं, कमलनं, भाकरी थापता थापता मला उलगडून सांगितलं.

"आबा, मशीनचं काही न्हाई त्याच्यात. लॅपटॉप घेतला की पोरगी बगलेत मारून पुण्याला जाईन, नोकरीला. डेस्कटॉप घेतला की मशीन घरात, पोरगी घरात. ह्यांचं असं गणित हाय."

"आन् तुला काय वाटतं?"

"मला काय इचारता? मी तर भाकरी करून राह्यले!"

एवढं बोलून तिनं ती भाकरी तव्यावर अशी आपटली की तिचं मत मला बराबर कळलं.

सोपान तसा वाईट बाप नाही, बरं का. पोरगी एसटीनं जालन्याला गेली की संध्याकाळी गाडी यायच्या आधीच हा स्टँडवर जाऊन उभा. विचारलं तर म्हणायचा, "तंबाखू आणायला आल्तो." तंबाखू आमच्या गल्लीतच मिळते!

तोच म्हणाला, "आबा, तुम्ही आन् तुमचे दोस्त जाऊन बघा. जनावर पारखता ना, मंग मशीन पारखा. तुम्ही म्हणताल ते घेऊ." त्याला वाटलं, म्हातारी माणसं, जागेवर बसणारी वस्तूच पसंत करतील.

०

जालन्याचा दुकानदार तरणा होता. शर्ट आत खोचलेला, केस चकचकीत. त्यानं काउंटरवर दोन्ही मशीनं मांडली, एकीकडं लॅपटॉप, एकीकडं डेस्कटॉप, आणि म्हणाला, "बोला काका, कुणासाठी पाहिजे?"

बाबूभाईनं त्याच्याकडं लक्षच दिलं नाही. तो सरळ लॅपटॉपपाशी गेला, खाली वाकला, बटणांवरून बोट फिरवलं.

"दात नये हैं," तो मला म्हणाला. "एक बी घिसा नहीं."

मग झाकण दोनदा उघडलं, दोनदा मिटलं. "जबडा बी ढीला नहीं."

दुकानदारानं मनूकडं पाहिलं. मनूनं पंख्याकडं!

आता आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. खांद्यावरचा रुमाल दोघांच्या हातांवर टाकायचा आणि खालून बोटं धरायची. जेवढी बोटं तेवढे हजार. आजूबाजूच्यांना पत्ता लागत नाही. बाबूभाईनं रुमाल काढला, काउंटरवर पसरला आणि त्या तरण्या दुकानदाराचा हात त्याच्याखाली ओढला.

दुकानदाराला वाटलं, चाचांना हात मिळवायचा आहे, थंडी आहे म्हणून रुमालाखाली मिळवत असतील. पोरगं संस्कारी. त्यानं बाबूभाईचा अख्खा पंजा मायेनं धरला आणि चांगला दोन-तीनदा हलवला.

बाबूभाईचे डोळे हे एवढे झाले! रुमाल झटकून तो ओरडला, "पाच! पाच हजार! आबा, हो गया सौदा! लॅपटॉप पाच हजार में दिया इसने!"

"अहो काका, मी काहीच दिलं नाही!" दुकानदार पांढरा पडला. "मी नुसता नमस्कार केला!"

सखाराम सकाळपासून पहिल्यांदा बोलला. "नमस्काराला दोन हात लागतेत."

मी मध्यस्थ, मला मधे पडावंच लागलं. दोघांची समजूत घातली. दुकानदारानं सगळ्यांना चहा पाजला. पण नंतर आम्ही दुकानात होतो तोवर त्यानं दोन्ही हात खिशात घालून ठेवले होते!

०

बैल घेताना नुसता बघून कुणी घेत नाही. जुंपून बघायचा. तास धरून, म्हणजे नांगराची रेघ न सोडता चालतो का, वळतो का, हाक मारली की थांबतो का.

"मनू," मी म्हणालो, "जुंप बरं एकदा."

मनू लॅपटॉपसमोर बसली आणि दुकानातच तिनं एक लहानसा प्रोग्राम लिहिला. एकापासून दहापर्यंत आकडे मोजायचे आणि थांबायचं, एवढंच काम. तिनं बटण दाबलं. आकडे निघाले. दहा गेला, शंभर गेला, हजार गेला... थांबायचं नाव नाही!

"मनू, थांबव त्याला."

"थांबवून राह्यले, आबा!" ती बटणं दाबत होती आणि आकडे पळत होते. बाबूभाई दोन पावलं मागं सरकला.

"बिदकलं! आबा, असलं गावात नेलं तर कुणाच्याबी वावरात शिरंल!"

मनू लाल झाली. "बाबूचाचा, चूक माझी हाय. कुठं थांबायचं ते मी सांगितलंच न्हाई त्याला. मशीन चांगलंय."

"बेटा, सांगावं लागतं व्हय? दहा झाले की उभं राहायचं. एवढी अक्कल तर आपल्या लंगड्या खोंडाला हाय!"

डेस्कटॉप मात्र शेजारी गुपचूप उभा होता. तो चालूच केला नव्हता. बाबूभाईनं त्याच्या डब्यावर थाप मारली आणि म्हणाला, "देख! कैसा शरीफ है!"

पण त्या शरीफ मशीनचा भाव ऐकला आणि आम्ही तिघं रुमाल खांद्यावर टाकून गुमान जीपकडं निघालो.

०

जीपमध्ये मनू खिडकीकडं तोंड करून बसली होती. राजूरला जीप थांबली तेव्हा सखाराम म्हणाला, "माझ्याकडं हाय एक."

"काय हाय?"

"कॉम्प्युटर."

त्याच्या पोरानं मागं जाफराबादला क्लास काढला होता. तो चालला नाही. पोरगा एमआयडीसीत बियाण्याच्या कारखान्यात लागला आणि मशीन घरातच राहिलं, धान्याच्या कोठीमागं, पोत्याखाली. सगळं खरं, पण आम्ही धुईत उठून जालन्याला जाऊन आलो होतो!

"आरं मंग सकाळी का न्हाई बोलला?"

"तुम्ही इचारलं न्हाई."

मशीन आलं. बाबूभाईनं पुन्हा दात पाहिले. पुढचे चार-पाच घासून गुळगुळीत. "उमर है, लेकिन मेहनती है," त्यानं निकाल दिला. सोपान खूश! त्यानं स्वतः टेबल ठोकलं, भिंतीला चिकटवून, असं भक्कम की बैल बांधावा. मनूनं फडकं घेतलं आणि मशीन पुसायला लागली.

मग तिनं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. मागं जाऊन बघते तर बोर्डाला जोडायची वायरच नाही!

मी सखारामकडं गेलो. वायर त्याच्या खुंटीवर, नीट गुंडाळून टांगलेली.

"सखाराम, ही?"

"ते दावं हाय."

आमच्याकडं जनावर विकलं तरी दावं मालक देत नाही. गोठ्याची बरकत त्याच्यासंगं जाते म्हणतात. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं. आयुष्यभर मीच लोकांना हा रिवाज सांगत आलो होतो! मी गुपचूप बाजारात गेलो, विजेच्या दुकानात उभा राहिलो आणि म्हणालो, "कॉम्प्युटरला एक नवं दावं द्या."

दुकानदारानं बराबर वायर काढून दिली. आमच्याच तालुक्यातला होता.

०

मशीन चालू झालं आणि गयाबाईच्या गिरणीशी त्याचं वैर सुरू झालं.

लाइट आधीच थोडा वेळ यायची. ती आली की मनू मशीनवर आणि गयाबाई गिरणीवर. गिरणीचा पट्टा फिरला की गल्लीतले दिवे मलूल व्हायचे आणि मनूचं मशीन टप्पकन बंद! केलेलं काम गेलं. पोरगी रडकुंडीला. बॅटरीचा डबा होता, पण तो सखारामच्या कोठीमागंच मेला होता.

कमल तावातावानं गिरणीवर गेली. "गयाबाई, तुमच्या दळणानं आमच्या पोरीचा अभ्यास दळून निघून राह्यलाय!"

"मंग काय गिरणी बंद करू? लोकांनी काय कच्च्या ज्वाऱ्या खायच्या?"

मनूच मागून धावत गेली. म्हणाली, "गयामावशी, गिरणी चालू करायच्या आधी नुसती एक हाक मारत जा. मी सेव्ह करून घेत जाईन."

"काय करून?"

"सेव्ह. म्हंजी झालेलं काम ठेवून द्यायचं."

गयाबाईला ते पटलं. झालेलं काम ठेवून द्यायचं, एवढं तिला बराबर कळलं. दुसऱ्या दिवसापासून पट्टा टाकायच्या आधी ती दारात यायची आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडायची, "मनेऽऽ! सेव्ह कर गंऽऽ!"

आतून मनू ओरडायची, "केलं मावशीऽऽ!" मगच गिरणी.

हळूहळू गल्लीला त्याची सवयच झाली. दळण घेऊन उभ्या बायका म्हणायच्या, "थांबा, अजून पोरीचं सेव्ह व्हायचंय." एकदा मनू कॉलेजला गेलेली. गयाबाईनं हाक मारली, उत्तर नाही. दुसरी मारली, उत्तर नाही. बाई तशीच हात कमरेवर ठेवून उभी, दळणाची रांग वाढलेली. शेवटी आमच्या दारावर बाबूभाई माझी वाट बघत बसला होता, त्याच्यानं राहवलं नाही.

तो ओरडला, "केलं, मावशी! चालू करो!"

०

पोळ्याला कमलनं मशीनला झूल शिवली. जुन्या पैठणीच्या काठाची, कडेला आरसे, चार कोपऱ्यांना गोंडे. बैलांची पूजा झाली, पुरणपोळीचा घास झाला, आणि मग तीच आरती मशीनपुढं. मनू म्हणाली, "आई, त्याच्यात कुंकू जाईन!" तर कमलनं बाहेरून, डब्याला, बेतानं बोट लावलं.

मनूनं मशीन चालू केलं आणि झूल तशीच वर! थोड्या वेळानं आतून घरघर वाढली, डबा तापला. सोपान सणाचं जेवून लवंडला होता. तो ताडकन उठला, डब्यावर हात ठेवला आणि झूल ओढून काढली.

"कामावर हाय ना ते!" तो बायकोवर खेकसला. "काम करत्या जनावराच्या अंगावर झूल ठिवतेत का कुणी?"

आणि पुठ्ठा घेऊन त्याला वारा घालत बसला. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की सोपानचं गणित चुकणार!

०

आता शेवटचा किस्सा सांगतो.

मनूच्या कॉलेजात पुण्याची एक कंपनी आली, परीक्षा घेतली आणि मनूला निवडलं. आधी काही महिने शिकवणार, मग पुन्हा परीक्षा. पास झाली तर नोकरी पक्की, नाहीतर परत घरी.

सोपान नको म्हणाला नाही. नको म्हणाला असता तर बरं, आम्ही भांडलो असतो. तो नुसता गप्प झाला. एकदाच बोलला, "जायचं तर जा. मी स्टँडपर्यंत बी येणार न्हाई." त्यानंतर पोरीशी एक शब्द नाही. ती समोर आली की हा गोठ्यात.

मनू म्हणाली, "दिवसा कंपनीचं मशीन हाय, पण खोलीवर सराव करायला आपलंच लागंल." आता ते मशीन म्हणजे काय लहान होतं? नुसता तो काचेचा टीव्ही उचलायचा तर वासराएवढा जड. कमलनं घरातला नवा कापूस काढला, एका मोठ्या पोत्यात टीव्ही आणि दुसऱ्यात डबा असं कापसात घालून शिवून टाकलं.

जायचा दिवस आला. बाबूभाईनं आणि मी पोतं उचलायला हात घातला. पोतं जागचं हललं, पण बाबूभाईची कंबरही हलली! तो तिथंच उंबऱ्यावर बसला. सखारामनं एक टोक धरलं, त्यालाही जमेना. तिकडं स्टँडवर जीपवाला हॉर्न वाजवून राहिला.

सोपान ओट्यावर पाठ करून दोर वळत बसला होता. अंगात बंडी, पाय अनवाणी.

"राहू द्या, आबा," मनू म्हणाली. "मी तशीच जाते." पण तिनं स्वतःच एकदा पोत्याचे कान धरले आणि दाराकडं ओढायला लागली. सर्र सर्र आवाज झाला.

"असं ओढतेत का?" सोपान मागं न बघता म्हणाला. "आत काच हाय."

मनू थांबली. मग पुन्हा ओढायला लागली. थोडं अंतर गेलं असेल.

"आगं काच हाय म्हणून राह्यलो ना!" तो उठला, डोक्यावर टॉवेलाची चुंबळ ठेवली, पोतं उचलून डोक्यावर घेतलं आणि चालायला लागला. दुसरं पोतं, हॉर्न वाजवून कंटाळून घरी आलेल्या जीपवाल्यानं उचललं. मी काठी टेकत मागून.

स्टँडवर जीपवाला म्हणाला, "टपावर टाका."

"टपावर? काच हाय आत!" सोपान जीपमध्ये चढला, सीटवर बसला आणि पोतं मांडीवर घेतलं. "तू चाल. मी फाट्यावर उतरतो."

मनू शेजारी बसली. जीप सुटली. मागून कमल त्याचा सदरा आणि चप्पल घेऊन पळत आली, तोवर फक्त धुरळा!

तो फाट्यावर उतरला नाही. राजूरला उतरला नाही. संध्याकाळी बाबूभाईच्या मोबाइलवर जालन्याहून सोपानचा फोन आला.

"बाबूचाचा, आबाला सांगा, पुण्याची गाडी लागलीय. हितं हमाल लोक कसंबी आपटून राह्यलेत. एवढी काच कुणाच्या हाती देऊ? मी टाकून येतो."

"कपडे?" बाबूभाईनं विचारलं.

"कापसाचं पोतं हाय ना मांडीवर. थंडी वाजत न्हाई."

काही दिवसांनी तो परत आला. अंगात नवा सदरा, पायात नव्या चपला, पोरीनं घेऊन दिलेल्या. आम्ही ओट्यावर बसलो होतो. त्यानं हातपाय धुतले, चहा घेतला, आणि कुणी विचारायच्या आधीच बोलायला लागला.

"खोली बरी हाय. खिडकीतून उजेड येतो. मालकीणबाई चांगलीय, नांदेडकडची हाय. टेबल डगमगत होतं, त्याला पाचर मारून दिली. तिच्या कंपनीपर्यंत बी चालत जाऊन बघितलं, रस्ता मोठा हाय पण पोरगी बराबर ओलांडती. पुढल्या महिन्यात परीक्षा हाय तिची, तवा मी पुन्हा जाऊन येणार हाय."

एवढं बोलून तो गोठ्यात बैलांना वैरण टाकायला गेला. आत कमल भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज त्या दिवशी मऊ येत होता.

शेजारी सखाराम बसला होता. त्यानं गोठ्याकडं पाहिलं. मग उपरणं झटकलं, उठला, आणि आपल्या दाराकडं जाता जाता मला म्हणाला,

"आबा, बरं झालं, आपण जड घेतलं."